विमान कंपनीने पॉइंटचे मोल घटवले, तर काय करावे

प्रवास करून पॉइंट जमवायचे आणि त्यांवर तिकीट काढायचे, अशा विमान कंपनीच्या सभासद योजनेतील सवलती कमी होणार असल्याचा ईमेल आला की राग येतो, आणि तो रास्तच असतो. मात्र त्या ईमेलमधील सर्वांत महत्त्वाची ओळ बहुधा तळाशी असते, ती म्हणजे नवे नियम लागू होण्याची तारीख. ती आधी कॅलेंडरमध्ये नोंदवावी. त्यानंतर आपल्या खात्यातील पॉइंटची शिल्लक, त्यांची मुदत आणि कोणत्या तिकिटाला किती पॉइंट लागतात याचा सध्याचा दरतक्ता यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत, कारण जुना तक्ता संकेतस्थळावरून एकदा निघाला की तो पुन्हा मिळवणे कठीण जाते.

पुढे हिशेब करावा. समजा, एका तिकिटाची रोख किंमत ३८,००० रुपये आहे आणि पॉइंटवर तेच तिकीट काढल्यास ४०,००० पॉइंट व ६,००० रुपये कर द्यावा लागतो. म्हणजे ३२,००० रुपये वाचतात आणि एक पॉइंट ८० पैशांचा ठरतो. नव्या दराने त्याच तिकिटाला ५५,००० पॉइंट लागणार असतील, तर तोच पॉइंट ५८ पैशांवर येतो. प्रवास नक्की असेल तर तारखेच्या आत तिकीट काढावे. केवळ पॉइंट संपवण्यासाठी मात्र नको असलेला प्रवास किंवा मिक्सर-बॅगा घेऊ नयेत, कारण वस्तूंवर पॉइंटचे मोल बहुधा आणखी कमी मिळते.

येथे एक गोष्ट मी स्वतः नुकसान सोसून शिकलो. जुन्या दराने काढलेल्या तिकिटाची परतीची तारीख मी नवे नियम लागू झाल्यावर बदलली, आणि कंपनीने संपूर्ण तिकिटाची आकारणी नव्या दराने केली. कोथरूडच्या घरी जेवणाच्या टेबलावर फोन स्पीकरवर ठेवून मी पाऊण तास वाद घातला, तरी उपयोग झाला नाही. म्हणून तिकीट काढण्यापूर्वीच तारीखबदलाची अट वाचावी आणि घरातील लग्नकार्य, परीक्षा यांच्या तारखा आधी पक्क्या कराव्यात.

बँकेच्या क्रेडिट कार्डावर जमलेले पॉइंट आधीच विमान कंपनीकडे वळवून ठेवू नयेत. ते एकदा वळवले की सहसा परत येत नाहीत. हवी ती जागा उपलब्ध दिसल्यावरच वळवावेत.

तक्रार जरूर करावी, पण ती नेमकी असावी. नियम बदलण्याचा अधिकार बहुतेक कंपन्या अटींमध्ये स्वतःकडे राखून ठेवतात, त्यामुळे ‘अन्याय झाला’ एवढेच लिहून काही मिळत नाही. जमा न झालेले पॉइंट किंवा तिकीट काढताना कबूल केलेली आणि नंतर नाकारलेली सवलत यांची मागणी पुराव्यासह लिहावी. उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. अनेकांनी मिळून लिहिल्यास परिणाम होतो, असे माझे ठाम मत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये डेल्टा या अमेरिकी विमान कंपनीने लाउंज (विमानतळावरील खास विश्रांतिकक्ष) आणि दर्जा (नेहमीच्या प्रवाशांना मिळणारी सभासदत्वाची वरची श्रेणी) यांचे नियम कडक केले होते. सभासदांच्या तीव्र नाराजीनंतर पुढच्याच महिन्यात तिला त्यांतील काही बदल सौम्य करावे लागले. ग्राहक पंचायतीची चळवळ ज्या शहरात १९७४ साली सुरू झाली, त्या पुण्याला हे वेगळे सांगायला नको.

राहिला प्रश्न त्याच कंपनीला धरून राहण्याचा. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून परदेशी थेट विमाने मोजकीच असल्याने लांबच्या प्रवासासाठी आपल्याला बहुधा मुंबई गाठावीच लागते, आणि एकदा मुंबईची गाडी ठरवली की तेथे कंपन्यांची निवड मोठी असते. तेव्हा भाडे, वेळ आणि सामानाची मर्यादा पाहूनच तिकीट घ्यावे. लाउंजचे मोल मात्र वेगळे मोजावे. घाटातील वाहतुकीच्या धास्तीने पुणेकर विमानतळावर चार-पाच तास आधी पोहोचतो, सोबत वृद्ध आई-वडील असतात, आणि अशा वेळी मिळणारे गरम जेवण व निवांत खुर्ची यांसाठी दर्जा टिकवणे कधी कधी परवडते. वर्षातून असा प्रवास एकदाच होत असेल, तर त्या दिवसापुरता लाउंजचा प्रवेश विकत घेणे स्वस्त पडते.