लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड: स्टिकरवर जाऊ नका

गणपतीच्या सुमारास रत्नागिरी, चिपळूण, कुडाळच्या दुकानांत लॅपटॉप बघायला गर्दी होते आणि ‘ग्राफिक्स कार्ड आहे ना?’ हा प्रश्न हमखास ऐकू येतो. तो विचारण्याआधी आपलं काम काय ते ठरवा.

टॅली, ऑनलाइन क्लास, होमस्टेचं बुकिंग, ऑटोकॅडमधले साधे टूडी प्लॅन यांना प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स पुरतं. त्याला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच घेतं. त्यामुळे रॅम ड्युअल चॅनेल, म्हणजे सहसा दोन पट्ट्यांत, हवी. आयरिस एक्सई (इंटेलच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स) म्हणून घेतलेल्या लॅपटॉपमध्ये रॅमची एकच पट्टी असेल, तर विंडोज त्याला चक्क ‘यूएचडी ग्राफिक्स’ म्हणून दाखवतं, वेगही पडतो. अशा वेळी कार्डावर पैसे घालण्यापेक्षा दुसरी पट्टी टाकलेली बरी.

लग्नांचे फोरके व्हिडिओ डाविंची रिझॉल्व्हमध्ये एडिट करणारे, ब्लेंडर किंवा लुमियनसारखी थ्रीडी सॉफ्टवेअर वापरणारे आणि गेम खेळणारे यांनी मात्र वेगळं कार्ड घ्यावंच. आधी त्याची मेमरी बघा: एनव्हिडियाच्या आरटीएक्स 3050 मध्ये 4 किंवा 6 जीबी, 4050 मध्ये 6, 4060 मध्ये 8. ही मागाहून वाढवता येत नाही. एडिटिंगसाठी 4 जीबीवालं मी तरी सुचवणार नाही.

मग वॅट. खरी मेख इथे आहे, आणि दुकानदार सहसा ती सांगत नाही. लॅपटॉपमधलं 4060 हे 35 पासून 115 वॅटपर्यंत कितीही मिळतं. कंपनीने जेवढी वीज दिली तेवढंच ते धावतं. पातळ, देखण्या लॅपटॉपमधलं 4060 एखाद्या जाडजूड लॅपटॉपमधल्या 4050 च्याही मागे पडू शकतं. कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलसमोर ‘टीजीपी’ किंवा ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ शोधा. आकडाच दिलेला नसेल तर दुसरं मॉडेल बघा.

दुकानात कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ‘परफॉर्मन्स’मध्ये जा. वेगळं कार्ड असेल तर सहसा दोन जीपीयू (ग्राफिक्स चिप) दिसतात. त्यातल्या वेगळ्या कार्डावर क्लिक केलं की ‘डेडिकेटेड’ मेमरी किती तेही कळतं.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल नेम नसतो. बॅटरीवर असं कार्ड पूर्ण जोरात चालत नाही, आणि चार्जर बरेचदा दीडशे-दोनशे वॅटचा असतो; घरचा इन्व्हर्टर तो ओढेल का ते आधी बघा. किनाऱ्यालगत खारट, दमट हवा असते, पंखा अधूनमधून साफ करून घ्यावाच लागतो. म्हणून ऑनसाइट (घरी येऊन दुरुस्तीची) वॉरंटी तुमच्या पिनकोडला लागू आहे का, हे पैसे देण्याआधी कस्टमर केअरला फोन करून विचारा.