गिफ्ट शोभेचं की कामाचं? घ्यायच्या आधी हे बघा

सण जवळ आला की सगळ्यांची एकच बोंब, काय द्यायचं सुचत नाही. मग शेवटच्या क्षणी एखादा शोपीस उचलायचा, चकचकीत कागदात गुंडाळायचा, झालं. तो पुढे माळ्यावर जातो, नाहीतर पुढच्या सणाला तिसऱ्याच कुणाच्या गळ्यात.

कारण देणारा विचार करतो गिफ्ट उघडतानाच्या दोन मिनिटांचा आणि घेणाऱ्याला ती वस्तू वर्षानुवर्षं सांभाळायची असते. जोएल वॉल्डफोगेल नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने 1993 मधे ख्रिसमस गिफ्टचा हिशोबच मांडला होता, दिलेल्या किमतीतला दहावा हिस्सा ते एक तृतीयांश भाग वाया जातो म्हणे, कारण घेणाऱ्याला वस्तू तेवढ्या किमतीची वाटतच नाही. भावनेची किंमत त्यात धरली नव्हती हे खरं, पण आपल्या माळ्याकडे बघितलं तर पटतं.

म्हणून आधीपासून नजर ठेवा, माणूस रोज काय वापरतो आणि कशावर चिडचिड करतो. एखाद्याच्या छत्रीची एक काडी कधीची वाकलेली असते, दर वेळी उघडताना ती हाताने सरळ करतो, पण नवीन काही घेत नाही कारण चालतंय ना. त्याला चांगली दणकट छत्री द्या, स्वतः घेतली नसती इतकी चांगली. कामाचं गिफ्ट असंच हवं, नाहीतर ते नुसतं सामान आणून दिल्यासारखं वाटतं.

आणि कामाचं म्हणजे त्या माणसाच्या कामाचं हं. बायकोला इस्त्री दिली तर तिला गिफ्ट मिळालं की ड्युटी? वजनकाटा तर मागितल्याशिवाय कुणालाच नको.

शोभेचं वाईट असं नाही, आवडीने घर सजवणारी माणसं असतातच, त्यांना तेच द्या. फक्त वस्तू हातात घेतल्यावर डोळ्यासमोर आणा की ही त्यांच्या घरात नेमकी कुठे बसेल, भाड्याच्या घरात भिंतीला खिळा मारता येईल का, आणि त्या बारीक नक्षीतली धूळ कोण पुसणार. जागा आठवली नाही तर ठेवून द्या परत. मोठ्यापेक्षा छोटं बरं, नाही आवडलं तरी कोपऱ्यात खपून जातं.

तरीही अडलात तर सरळ विचारा, सरप्राइज गेलं तर गेलं. बिल जपून ठेवा आणि बदलून द्यायची मुदत किती ते घेतानाच विचारा, आपण लवकर घेऊन ठेवतो आणि पॅकिंग फुटेपर्यंत ती उलटून गेलेली असते.