पगार नाही, तरी ते काम आहे: परदेशात शिकताना सेवाकार्यात उतरणाऱ्या नागपूरच्या मुलांसाठी

सार्वजनिक आरोग्य, डेव्हलपमेंट स्टडीज, सोशल वर्क किंवा पर्यावरण घेऊन मास्टर्सला बाहेर निघालात, म्हणजे एनएसएसचा कॅम्प, फील्डवर्कची डायरी, गडचिरोली-मेळघाटच्या एकदोन फेऱ्या हे तुमच्या पदरी आहेच. त्यामुळे संस्था कशी चालते, सर्व्हे कसा करायचा, हे इथे सांगत नाही. आधी एकच गोष्ट, कारण ती न कळल्यामुळे चांगल्या, मनापासून राबणाऱ्या मुलांचा व्हिसा धोक्यात येतो. बिनपगारी काम हेही कायद्याच्या नजरेत काम असू शकतं.

आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की पैसे घेतले तर नोकरी, नाही घेतले तर सेवा. तिथलं इमिग्रेशन खातं असा हिशोब करत नाही. ते बघतं की ही जागा भरायला एरवी पगारी माणूस ठेवावा लागला असता का, आणि यायलाच हवं असं बंधन तुमच्यावर आहे का.

ब्रिटनचं उदाहरण नीट समजून घ्या. पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमाला स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. तिथे ‘व्हॉलंटिअरिंग’ आणि ‘व्हॉलंटरी वर्क’ या दोन वेगळ्या गोष्टी धरतात. शनिवारी जमेल तसं फूड बँकेत जाऊन डबे लावले, न गेल्यास कुणी जाब विचारत नाही, फार तर बसभाडं मिळतं, तर ते व्हॉलंटिअरिंग. ते २० तासांत धरत नाहीत. पण त्याच संस्थेने तुम्हाला डेटाचं काम दिलं, मंगळवार-गुरुवार यायचंच असं ठरवलं, कागदावर जबाबदाऱ्या लिहून घेतल्या, की ते व्हॉलंटरी वर्क झालं. एक रुपया मिळाला नाही तरी त्याचे तास मोजले जातात. लायब्ररीत १४ तासांची पगारी नोकरी आणि इथे ८ तास, म्हणजे २२. नियम मोडला. आठवडा सोमवार ते रविवार धरतात आणि सरासरी काढत नाहीत, म्हणून पुढच्या आठवड्यात १० तासच केले तरी मागचं भरून निघत नाही.

याच्या आत आणखी एक खड्डा आहे. एक वर्षाच्या मास्टर्सला उन्हाळ्यात वर्ग नसतात, पण प्रबंध लिहायचा असतो. मुलांना वाटतं सुट्टी लागली, आता पूर्णवेळ संस्थेत जाऊ. मास्टर्सच्या विद्यार्थ्यासाठी ते महिने टर्ममध्येच धरले जातात आणि २० तासांची मर्यादा तशीच राहते. यातून सरळ वाट आहे. संस्थेतलं काम अभ्यासक्रमाचा मूल्यमापन होणारा भाग म्हणून, युनिव्हर्सिटीच्या मंजुरीने प्लेसमेंटमध्ये घ्या. मग तो हिशोब वेगळा होतो. अर्ज करतानाच प्लेसमेंटचं मॉड्यूल असलेला कोर्स निवडलात तर पुढची निम्मी डोकेदुखी जाते.

जर्मनीत युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. अभ्यासक्रमात सक्तीची असलेली इंटर्नशिप त्यात धरत नाहीत. स्वतःच्या हौसेने घेतलेली इंटर्नशिप बिनपगारी असली तरी त्यातून दिवस वजा होतात. ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास. बिनपगारी काम असेल तर ते खरोखर ऐच्छिक हवं, संस्था नफा न कमावणारी हवी आणि ते काम एरवी तिथल्या माणसाला पगार देऊन करून घेतलं जाणारं नको. हे तिन्ही जुळलं तरच ते तास बाहेर राहतात. अमेरिकेत एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर सूप किचनमध्ये (गरजूंच्या मोफत जेवणघरात) वाढायला जाणं ठीक, पण पगारी इंटर्न ठेवतात त्या जागेवर फुकट बसणं ठीक नाही. त्यासाठी सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कामाची परवानगी लागते, आणि ती रुजू होण्याआधी आय-२० वर, म्हणजे युनिव्हर्सिटीने व्हिसासाठी दिलेल्या कागदावर, चढलेली हवी. ‘आधी सुरू कर, कागद मागाहून होतील’ हे वाक्य जिथे ऐकाल तिथून उठून या.

आता सीनियरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल स्पष्टच बोलतो. घर शोधायला आणि कढीपत्ता कुठे मिळतो ते कळायला तो ग्रुप उत्तम. व्हिसाच्या प्रश्नाला तिथलं ‘काही होत नाही’ हे उत्तर नव्हे. धरमपेठेतल्या कन्सल्टंटचंही तेच. त्याचं काम ॲडमिशनपर्यंत. विचारायचं युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला, तेही तोंडी नाही, ईमेलने. मेलमध्ये पाच गोष्टी लिहा: संस्थेचं नाव आणि ती नोंदणीकृत धर्मादाय आहे का, काम नेमकं काय, आठवड्याला किती तास आणि वेळ ठरलेली आहे का, पैसे, जेवण, राहणं यातलं काय मिळणार, आणि सध्या दुसरं काम किती तास चालू आहे. लेखी उत्तर येईपर्यंत कशावरही सही करू नका. आलेलं उत्तर पीडीएफ करून ठेवा.

घाबरून सगळं सोडायचं कारण नाही. बहुतेक संस्था कामाचं स्वरूप थोडं बदलून द्यायला तयार असतात, मात्र आधी सांगितलं तर.

युनिव्हर्सिटी तिसऱ्या देशात नेणार असेल, केनिया-युगांडासारख्या, तर भारतीय पासपोर्टवर तिथला व्हिसा वेगळा बघा. वर्गातल्या युरोपीय मुलांना लागत नाही म्हणून तुम्हाला लागत नाही असं नसतं. यलो फीव्हरची लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, कारण प्रमाणपत्र त्यानंतर लागू होतं. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. त्या भागातून थेट घरी येताना हे प्रमाणपत्र, म्हणजे पिवळं कार्ड, नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

निघण्याआधी नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयातून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढून ठेवा. मुलं, वृद्ध, अपंग यांच्यासोबतच्या जवळजवळ प्रत्येक कामाला पार्श्वभूमीची तपासणी लागते, आणि दूतावासामार्फत ते काढायचं तर आठवडे जातात. संस्था किती जुनं सर्टिफिकेट चालवते ते विचारून मगच अर्जाची तारीख धरा. तोवर घरबसल्या बीसेफ करून घ्या. हा संयुक्त राष्ट्रांचा सुरक्षेचा कोर्स फुकट आहे आणि सर्टिफिकेट मिळतं.

अनाथाश्रमात दोन आठवडे ‘सेवा’ विकणाऱ्या पॅकेजला हात लावू नका. यावर माझं मत बदलणार नाही. नेपाळ, कंबोडियात अशा घरांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पाहुणे पैसे भरतात म्हणून मुलं घरापासून तोडून आणली जातात. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या मॉडर्न स्लेव्हरी (आधुनिक गुलामगिरीविरोधी) कायद्याच्या वेळी या प्रकाराची दखल घेतली, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ मध्ये. जी संस्था तपासणी न करता कुणालाही मुलांजवळ सोडते, तिला मुलांची काळजी नाही, इतकं साधं आहे.

आणि शिकायचं काय? भावना नव्हे, आकडे. आपत्तीतल्या मदतकार्याचे किमान निकष सांगणाऱ्या स्फिअर हँडबुकची २०१८ ची आवृत्ती फुकट मिळते. ती वाचू नका, सोडवा. माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, एका नळावर २५० माणसं, २० माणसांमागे एक संडास, राहायला माणशी ३.५ चौरस मीटर. आता आपत्तीग्रस्त ५,००० लोकांची छावणी घ्या: ७५,००० लिटर पाणी, २० नळ, २५० संडास. दहा हजार लिटरच्या टँकरच्या रोज आठ फेऱ्या. आता विचारा, एका नळावर २५० च माणसं का? नळातून मिनिटाला ७.५ लिटर येतं आणि तो दिवसाला आठ तास चालतो असं धरलंय. म्हणजे ३,६०० लिटर, २५० मध्ये वाटले तर माणशी साधारण १४.४, पंधराच्या जवळ. पाणी चारच तास येत असेल तर तोच नळ १२५ माणसांना पुरतो आणि नळ २० ऐवजी ४० लागतात. पहिल्या दिवसांत २० ला एक संडास होत नाही, तेव्हा ५० ला एक धरतात, मग वाढवत नेतात. बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट. हे ज्याला नुसतं तोंडपाठ नाही, तर कारणासह येतं, त्याला मुलाखतीत वेगळं दाखवायची गरज पडत नाही.

हे बघायला परदेशच लागतो असंही नाही, राजेहो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. तिथे भोजनदान किंवा पाण्याच्या स्टॉलवर उभं राहून रांग, कचरा, हरवलेली म्हातारी माणसं हे सगळं हाताळलेला मुलगा छावणीत गडबडत नाही. एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, अकादमी आपल्याच शहरात आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन बालमृत्यू कमी केले, आणि त्याचा १९९९ मधला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला शोधनिबंध परदेशातल्या तुमच्या वाचनाच्या यादीत सापडू शकतो. जाण्याआधी तो वाचा. विदर्भातल्या मुलाला मदत घेणाऱ्याची बाजू ठाऊक असते. शेतकरी आत्महत्यांच्या गावात कॅमेरा घेऊन कोण आले आणि टिकून काम कोणी केलं, हे आपण पाहिलेलं आहे. वर्गात ते बोला.

तिथून गावासाठी पैसे पाठवायची उमेद येते, तेव्हा एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा भारतीय कायदा, आठवा. भारतीय नागरिक म्हणून तुम्ही स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेलं परदेशी योगदान धरत नाहीत. पण वर्गातल्या परदेशी मित्रांकडून गोळा केलेले पैसे, रुपयांत बदलून पाठवले तरी, परदेशी योगदानच. ते घ्यायला संस्थेची एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि रक्कम तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती संस्था हे पैसे पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. त्यामुळे गावातल्या छोट्या मंडळाला मोठ्या संस्थेमार्फत पोचवू, हा मार्ग बंद आहे. स्वतःच्या खात्यात गोळा करून पुढे ढकलण्याचा विचारही नको. त्यात अडकते ती गावातली संस्था.

नोकरीचं खरं सांगायचं तर काळ कठीण आहे. २०२५ मध्ये यूएसएड ही अमेरिकी सरकारची परदेशी मदतसंस्था बंद झाल्यावर अनुभवी माणसंही बाजारात आली. त्यांच्याशी ‘प्रोग्राम ऑफिसर’च्या जागेसाठी भिडण्यापेक्षा खरेदी, गोदाम, हिशोब, पाणी-स्वच्छतेचं इंजिनिअरिंग, डेटा यातलं एक काम हाताला लावून घ्या. इंजिनिअरिंग किंवा बी.कॉम. करून गेलात तर कमीपणा मानू नका, छावणीला त्याच माणसाची गरज असते. भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर संयुक्त राष्ट्रं पैसे मागत नाहीत. मागितले की ते खोटं.

शिफारसपत्र मोठ्या नावाच्या, तुम्हाला न ओळखणाऱ्या प्राध्यापकाकडून घेऊ नका. रोज तुमचं काम पाहणाऱ्या सुपरवायझरकडून घ्या आणि शेवटच्या आठवड्यात नाही, पंधरा दिवस आधी मागा. पत्रात तारखा, एकूण तास, कामाचं वर्णन आणि काम बिनपगारी ऐच्छिक होतं हा उल्लेख हवाच. पुढचा व्हिसा भरताना हीच ओळ दाखवावी लागू शकते, तेव्हा ती इंटरनॅशनल ऑफिसच्या मेलसोबत एकाच फोल्डरमध्ये ठेवा.