डायल-अ-राइडच्या गाडीत कार्ड मशीन घ्यायचंय? आधी मागचं दार बघा

लॉस एंजेलिस काउंटीत ८८ शहरं आहेत, त्यातली बरीचशी एवढीएवढीशी, आणि तरी कित्येकांची स्वतःची डायल-अ-राइड असते, म्हणजे फोन करून बोलवायची मिनीबस, ज्येष्ठांसाठी आणि दिव्यांगांसाठी. आपल्या मराठी लोकांतले काही जण आता अशा सिटी हॉलमधे नोकरीला आहेत, काही जण सिनियर कमिशनवर (ज्येष्ठांच्या प्रश्नांवर शहराला सल्ला देणारी समिती) वगैरे बसतात, आणि कधीतरी डायरेक्टर जाता जाता म्हणतो की मोठ्या बसला टॅप कार्ड (मेट्रो या काउंटीच्या वाहतूक संस्थेचं, मशीनला टेकवलं की भाडं कापणारं) चालतं मग आपल्या मिनीबसला का नाही, जरा बघ. हे "जरा बघ" माझ्या वाट्याला दोनदा आलं. पहिल्यांदा मी चुकीची खरेदी केली, दुसऱ्यांदा बऱ्यापैकी जमली. तुमची पहिली वेळ वाचावी म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी आपली सेवा नक्की कुठल्या प्रकारची आहे ते लेखी विचारून घ्या. १९९० चा अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट, ज्याला सगळे एडीए म्हणतात, त्याच्याखाली ठरलेल्या रूटवर बस चालवणाऱ्या संस्थेला रूटच्या दोन्ही बाजूंना पाऊण मैलापर्यंत दिव्यांगांसाठी वेगळी गाडी द्यावीच लागते. आपल्या काउंटीत ते काम ॲक्सेस सर्व्हिसेस करते. शहराची डायल-अ-राइड बहुतेक वेळा त्याच्या बाहेरची, शहराने आपखुशीने चालवलेली असते. मशीन घ्यायला हे कशाला हवं असं वाटेल, पण भाड्याचे नियम इथूनच येतात. एडीएवाल्या सेवेत भाडं साध्या बसच्या पूर्ण भाड्याच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येत नाही, मदतनीस फुकट, आणि सोबत येणारा मित्र किंवा नातेवाईक असेल तर त्याला प्रवाशाएवढंच भाडं. म्हणजे एका फेरीत तीन माणसं, त्यातली दोन पैसे देणार, एक नाही. "मदतनीस" असं एका बोटात दाबता येणारं बटण मशीनवर नसेल तर ड्रायव्हर त्याची नोंदच करणार नाही आणि महिनाअखेरीला तुमचा प्रवाशांचा आकडा कमी भरेल. आपखुशीची सेवा असली तरी हे बटण मागाच.

मग कागद घेऊन एक हिशोब करा, जो कोणी करत नाही. समजा ६ गाड्या, रोज ९० फेऱ्या, भाडं ५० सेंट. दिवसाचे ४५ डॉलर, वर्षाचे २५० दिवस धरले तर ११,२५० डॉलर. एवढ्यासाठी मशीन, सिम, मेंटेनन्स आणि हिशोब तपासणारा माणूस यावर वर्षाला किती जाणार ते समोर लिहा. आकडे शेजारी शेजारी दिसले की काही शहरांनी खरं तर भाडंच माफ करावं असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते स्टाफ रिपोर्टमधे, म्हणजे कौन्सिलसाठी लिहायच्या टिपणात, पर्याय म्हणून लिहायला घाबरू नका. कार्ड घ्यायला खरी कारणं दोनच असतात. एक म्हणजे आजींकडे असलेलं तेच कार्ड पुढे मेट्रोच्या बसला चालावं, आणि दुसरं म्हणजे कोण कधी चढलं याची नोंद कागदी लॉगशीटवरून टाईप करायची कटकट जावी. "भाडं जास्त जमेल" हे कारण कोणी सांगत असेल तर त्याला वरचा हिशोब दाखवा.

आता मुद्द्याचं. यार्डात जा आणि गाडीला एक चक्कर मारा. मोठ्या सिटी बसमधे सगळे पुढच्या दाराने चढतात आणि ड्रायव्हरशेजारी फेअरबॉक्स, म्हणजे भाड्याचा डबा, असतो, म्हणून मशीन पुढे. आपली गाडी मात्र कटअवे, म्हणजे व्हॅनच्या सांगाड्यावर बसवलेली मिनीबस, आणि तिची व्हीलचेअरची लिफ्ट बहुतेक गाड्यांत मागे उजव्या बाजूला असते. व्हीलचेअरवरचा प्रवासी त्या लिफ्टने वर येतो, ड्रायव्हर चार पट्टे लावून खुर्ची जखडतो, आणि तो माणूस पुढच्या मशीनजवळ कधी जातच नाही! आम्ही पहिल्या वेळी सगळी मशीन पुढे खांबाला बसवली, छान दिसत होती, फोटो पण काढले, आणि पहिल्याच सोमवारी ड्रायव्हर लोकांचं कार्ड त्यांच्या हातातून घेऊन पुढे जाऊन टॅप करून परत आणून देत होते. एका काकांनी सरळ सांगितलं, माझं पाकीट मी कोणाच्या हातात देत नाही. बरोबरच होतं त्यांचं.

म्हणून माझा सल्ला असा की हातातलं मशीन घ्या, फोनएवढं, ज्याला मनगटात अडकवायची दोरी असेल. व्हीलचेअरवाल्याचं कार्ड खाली फुटपाथवर असतानाच टॅप करून घ्यायचं, लिफ्ट वर जाण्याआधी, कारण नंतर ड्रायव्हरच्या एका हातात लिफ्टचा रिमोट असतो आणि मग पट्टे. बॅलन्स नसेल तर ते पण खालीच कळतं, सगळ्या गाडीसमोर नाही. खांबावरचं मशीन घ्यायचंच असेल तर ते जास्तीत जास्त ४८ इंच उंचीवर आणि वाटेत न येणाऱ्या जागी, कारण फेअरबॉक्सने दाराजवळची व्हीलचेअरची वाट अडवू नये असं एडीएच्या नियमांतच लिहिलंय.

डेमोला सेल्समन ऑफिसच्या एसीत मशीन दाखवेल. त्याला बाहेर न्या, जुलैत दुपारी १ वाजता, आणि उन्हात स्क्रीन वाचता येतो का बघा. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर मशीन तासभर ठेवायला सांगा आणि मग चालू करायला सांगा. टॅप झाला आणि नाही झाला याचे दोन वेगळे आवाज येतात का ते ऐका, कारण ज्यांना दिसत नाही त्यांना तेवढंच कळणार. आणि ज्यांचे हात थरथरतात अशा एखाद्या प्रवाशाला डेमोला बोलवा, त्यांना कार्ड किती वेळ धरून ठेवावं लागतं ते सेल्समनला स्वतः बघू दे.

तिसरा रस्ता पण आहे, मशीनच न घेण्याचा. आपल्या गाडीत कोणी अचानक हात दाखवून चढत नाही, सगळ्या फेऱ्या आधी बुक होतात. मग प्रवाशाच्या नावाने खातं उघडायचं, त्यात आधी पैसे भरून ठेवायचे आणि फेरी झाली की तेवढे वळते करायचे. बॉस्टनची द राइड अशीच चालते. छोट्या शहराला हे परवडतं, फक्त पैसे बुकिंगला कापायचे की चढल्यावर ते नीट ठरवा. माणूस आलाच नाही तर? एडीए सेवेत न आल्याबद्दल सक्तीने दंड लावता येत नाही, त्यामुळे बुकिंगला कापलेले पैसे परत करत बसावं लागतं आणि ते काम कोणाचं यावरून ऑफिसात भांडणं होतात. चढल्यावर कापा, सोपं आहे.

कार्डच हवं असेल तर कुठलं, हा प्रश्न आपल्याकडे फारसा उरत नाही. टॅप कार्ड मेट्रो चालवते, काउंटीतल्या दोन डझनांहून जास्त बससेवांना तेच चालतं, आणि त्याच्या सेंट्रल सिस्टिमशी बोलणारं मशीनच घ्यावं लागतं. वेगळं स्वस्त मशीन आणून आपलंच "सिटी कार्ड" काढू असं कोणीतरी मीटिंगमधे म्हणेलच, त्याला प्रेमाने गप्प करा, आजींच्या पर्समधे आधीच चार कार्डं आहेत. तरी चिप कुठली ते विचारा. २००८ मधे मायफेअर क्लासिक चिपचं कुलूप संशोधकांनी फोडून दाखवलं, तेव्हापासून त्या चिपवर नवीन काही उभारणं म्हणजे कडी नसलेलं दार. डेसफायर चिप किंवा तिच्या तोडीचं काही हवं.

नेटवर्क गेलं तर काय होतं ते पण विचारा, डोंगराकडच्या गल्ल्यांत सिग्नल जातोच. भारतात २०१९ च्या मार्चमधे आलेलं नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड आठवा, त्यात २००० रुपयांपर्यंतचा बॅलन्स कार्डावरच असतो म्हणून मशीनला त्या क्षणी नेटवर्क लागत नाही. तुमच्या सिस्टिममधे बॅलन्स कार्डावर आहे की सर्व्हरवर, आणि सर्व्हरवर असेल तर सिग्नल नसताना मशीन प्रवाशाला चढू देतं की लाल दिवा दाखवतं? उत्तर "चढू देतं" असंच हवं. ५० सेंटसाठी डायलिसिसला निघालेला माणूस फुटपाथवर राहता कामा नये.

पैसे कुठून आणायचे. १९८० च्या प्रपोझिशन ए मधून, म्हणजे काउंटीच्या मतदारांनी मंजूर केलेल्या ठरावातून, अर्धा टक्का सेल्स टॅक्स आला, त्यातला २५ टक्के वाटा लोकसंख्येप्रमाणे शहरांना परत मिळतो आणि तो सार्वजनिक वाहतुकीवरच खर्चता येतो. १९९० च्या प्रपोझिशन सी चा २० टक्के वाटा आणि २००८ च्या मेझर आर चा १५ टक्के वाटा पण असाच येतो. ६ गाड्यांच्या मशीनला प्रपोझिशन ए पुरतं, आणि गंमत म्हणजे काही शहरं हा पैसा स्वतः न वापरता सवलतीत दुसऱ्या शहराला विकतात, तेव्हा फायनान्सवाल्यांना विचारा आपला यावर्षीचा शिल्लक आहे की विकला. फेडरल ग्रँटमधे ८० टक्क्यांपर्यंत मिळू शकतात हे खरं, पण त्यासोबत कराराची ठरलेली कलमं, कोटेशन मागवायच्या आधी स्वतः काढलेला किमतीचा अंदाज आणि नंतर किंमत वाजवी कशी याचं लेखी कारण असं सगळं लटांबर येतं. एवढ्याशा खरेदीला मी ते घेत नाही. मोठ्या गाड्या घेताना घ्या.

टेंडर काढायचं का? आपल्याला भारतातली सवय, तीन कोटेशन, सगळ्यात स्वस्तवाला एल-वन, संपलं. इथे सेंट्रल सिस्टिमशी जोडणारा पुरवठादार एकच असेल तर सोल सोर्स, म्हणजे टेंडर न काढता थेट त्याच्याकडून खरेदी, करता येतं, पण "एकच आहे" एवढं लिहून भागत नाही, दुसरं मशीन का जोडलं जाणार नाही ते लिहावं लागतं आणि मेट्रोकडून तसं पत्र घेतलेलं बरं. नाहीतर मोठ्या संस्थेच्या करारात आपली ऑर्डर घुसवायची, याला इथे पिगीबॅकिंग म्हणतात. पण मूळ करारात दुसऱ्यांना घेऊ द्यायचं कलम आहे का ते स्वतः वाचा. सेल्समन म्हणाला म्हणून विश्वास ठेवू नका, तो चांगला माणूस असतो पण करार त्याने पण वाचलेला नसतो.

कोटेशन आलं की पहिल्या ओळीतला मशीनचा आकडा बोटाने झाका आणि खालचं वाचा. ब्रॅकेट आणि वायरिंग, चार्जिंगचा पाळणा, सिमचा महिन्याचा खर्च, सॉफ्टवेअर लायसन्स मशीनमागे आहे की शहरामागे, वॉरंटी मशीन पोचल्यापासून की चालू झाल्यापासून (आमचं खोकं यार्डात चार महिने पडून होतं आणि वॉरंटी धावत होती), भाडं बदललं तर नवीन भाडं घालायचे वेगळे पैसे का, आणि बुकिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे किती. हे शेवटचं सगळ्यात महाग पडतं, आणि ते "नंतर बघू" असं लिहिलेलं असतं. नंतर बघू नका, आत्ता आकडा मागा. पाच वर्षांची बेरीज एका कागदावर करा, मग कौन्सिलला तीच दाखवा. स्पेअर पण त्याच ऑर्डरमधे घ्या, ६ गाड्यांना ८ मशीन.

गाडीत काही कायमचं बसवणार असाल तर मेकॅनिकला आधी विचारा. छोट्या कटअवेचं आयुष्य फेडरल हिशोबात ४ वर्षं किंवा १ लाख मैल धरतात, मोठ्या बसचं १२ वर्षं, म्हणजे मशीन गाडीपेक्षा जास्त जगणार आणि ते काढून नव्या गाडीत लावता आलं पाहिजे. मोठी बस २४ व्होल्टवर, आपली १२ वर. आणि वायर इग्निशनवरून घ्या, सरळ बॅटरीवरून घेतलीत तर लाँग वीकेंडनंतर मंगळवारी सकाळी अख्खा ताफा जंप-स्टार्ट करत बसाल, विचारा मला.

कौन्सिलचं सोपं आहे. ब्राउन ॲक्टप्रमाणे (कॅलिफोर्नियाचा खुल्या बैठकांचा कायदा) नियमित मीटिंगचा अजेंडा ७२ तास आधी लागतो, पण सिटी क्लार्क तुमच्याकडून रिपोर्ट दोन-तीन आठवडे आधी मागणार, तेवढं धरून चाला. कन्सेंट कॅलेंडरवर (चर्चेशिवाय एकत्र मंजूर होणाऱ्या विषयांची यादी) टाका, १० टक्के कंटिन्जन्सीची, म्हणजे अनपेक्षित खर्चाची, मंजुरी त्याच ठरावात घ्या.

मशीन आली की एका गाडीत महिनाभर चालवा, एकाच ड्रायव्हरकडे, आणि तो ड्रायव्हर सगळ्यात कुरकुऱ्या निवडा. तो रोज संध्याकाळी येऊन काय काय बिघडलं ते सांगेल, तुमची फुकटची टेस्टिंग. शेवटचे पैसे ही टेस्ट पास झाल्यावरच, हे पीओ मधे, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरमधे, लिहा. सिनियर सेंटरला दुपारच्या जेवणाच्या वेळी टेबल टाकून कार्डं द्या, आणि शहरात ज्या भाषा बोलतात त्या भाषेत बोलणारं कोणीतरी सोबत न्या. माझी आई याच गाडीने सेंटरला जाते. तिला कार्ड "संपतं" म्हणजे काय ते कळेना, कारण कार्ड तर हातातच आहे. शेवटी मी एसटीच्या पासचं उदाहरण दिलं, पास खिशात असला तरी तारीख संपतेच ना, तेव्हा कळलं. रोख पैशांचा डबा मात्र काढू नका, आईच्या मैत्रिणी अजून क्वार्टर (२५ सेंटची नाणी) मोजूनच देतात आणि देत राहतील.

आणि ती दोन स्पेअर मशीन डिस्पॅचरच्या टेबलाजवळ चार्जिंगला लावून ठेवा, दर महिन्याला अपडेट करा. आमचं एक कपाटात होतं, लागलं त्या दिवशी बॅटरी मेलेली आणि आत जुनंच भाडं.