घाटात शिकलेला पाय आणि मधल्या इंजिनाची गाडी

साताऱ्यात गाडी शिकलेला माणूस घाटातच तयार होतो. यवतेश्वरला किंवा पसरणीला वळण वाटलं त्यापेक्षा आवळत गेलं की उजवा पाय आपोआप रेसवरून उठतो. स्विफ्ट असो नाहीतर क्रेटा, पुढच्या चाकांना ताकद देणारी गाडी त्यावर नाक थोडं आत घेते, वळण निभावतं, आणि आपण केलं ते बरोबरच होतं असं पायाला वाटत राहतं. तोच पाय मधल्या इंजिनाच्या स्पोर्ट्स कारमध्ये, ट्रॅकवर, शंभरच्या वर वेग असताना तसाच उठला तर गाडीची मागची बाजू पुढे येऊ पाहते. ट्रॅकवरच्या पहिल्या दिवशी गाडी फिरते ती रेस जास्त दिल्यामुळे कमी आणि घाबरून सोडल्यामुळे जास्त.

मधलं इंजिन म्हणजे सीटच्या मागे, पण मागच्या ॲक्सलच्या पुढे बसवलेलं. पोर्शे ७१८ केमन, लोटस एमिरा, ऑडी आर८, लॅम्बोर्गिनी हुराकान या त्या जातीच्या गाड्या. पोर्शे ९११ यात बसत नाही, तिचं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे असतं. खाली आकडे आहेत ते केमन समोर ठेवून दिले आहेत.

शिखर शिंगणापूरची कावड खांद्यावर घेतलेल्याला यातली गोम सांगावी लागत नाही. वजन दांडीच्या टोकांना असतं, त्यामुळे वळवायला जोर लागतो आणि एकदा वळायला लागली की थांबवायलाही तेवढाच. तेच वजन खांद्यापाशी बांधलं तर दांडी गरकन फिरते. केमनमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि माणसं असा सगळा ऐवज दोन ॲक्सलच्या मध्ये किंवा अगदी लगत आहे. म्हणून ती हुकमी वळते, आणि म्हणूनच फिरायला लागली की सावरायला वेळ फार थोडा देते.

निघण्याआधी

साताऱ्याच्या बाहेरून जाणारा ४८ नंबरचा हायवेच पुढे बंगळुरू करून श्रीपेरुंबुदूरला जातो आणि तिथेच, इरुंगट्टुकोट्टईला, मद्रास इंटरनॅशनल सर्किट आहे. ३.७१७ किलोमीटरचा ट्रॅक, १२ वळणं. अंतर हजार किलोमीटरच्या घरात. गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या ट्रकवर न्यावी हे उत्तम. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांच्या मागून आणि गावागावांतल्या स्पीडब्रेकरवरून एवढी बुटकी गाडी नेण्यात पुढचा बंपर आणि ड्रायव्हर दोघेही ट्रॅकच्या आधीच दमतात.

सगळ्यात आधी ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी शोषतं आणि उकळायला लवकर लागतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्याची हमी मात्र १५५ अंशांचीच. ट्रॅकवर कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे, तापले की हा फरक पेडलमध्येच कळतो. ऑइल वर्षापेक्षा जुनं असेल तर बदला, शक्यतो जास्त तापमान सोसणारं डॉट ४ किंवा ५.१ घ्या. नुसतं डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. ब्रेक पॅड निम्म्याच्या वर शिल्लक हवेत. अर्धे झिजलेले पॅड गावात वर्षभर चालतील, पण ट्रॅकवर ते उष्णता अडवत नाहीत, थेट ऑइलकडे पाठवतात.

चाकांचे बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळा. केमनचा आकडा १६० न्यूटन-मीटर आहे. पंक्चरवाल्याची हवेची गन हा आकडा मोजत नाही, ती फक्त आवळते. पहिल्या सेशननंतर चाकं निवली की पुन्हा एकदा पाना लावून पाहा.

हवेचं गणित सोपं आहे. ३० अंशांच्या सकाळी ३० पीएसआय भरलेली हवा टायरमध्ये ७० अंशांवर गेली की ३६ पीएसआयच्या आसपास जाते. त्यामुळे मॅन्युअलमधला थंड आकडा धरून निघायचं, चार-पाच फेऱ्या मारून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर यायचं, लगेच गेज लावायचा आणि वाढलेली हवा चारही चाकांतून काढायची. मागच्या चाकांचा आकडा पुढच्यांपेक्षा जास्त असतो. चारही सारखे करून टाकणारा मदतनीस जवळ असेल तर त्याला आधी सांगून ठेवा. टायरच्या बाजूवर चार अंकी तारीख असते, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. सहा वर्षांच्या वरचा टायर कितीही खोल नक्षीचा असला तरी ट्रॅकवर नको.

पेट्रोल निम्म्याच्या वर ठेवा. टाकी पावच्या खाली गेली की लांब वळणात पेट्रोल एका बाजूला जातं आणि इंजिन गचके खातं. केमनची टाकी पुढच्या बाजूला आहे, म्हणजे टाकीतलं पेट्रोल पुढच्या चाकांवरचं वजनही असतं, ही गोष्ट नंतर उपयोगी पडते.

गाडी रिकामी करा: मॅट, चार्जर, गणपतीची मूर्ती, दारातली पाण्याची बाटली. बाटलीच सगळ्यात वाईट. जोरात ब्रेक मारला की ती पुढे घरंगळते आणि पेडलच्या मागे जाऊन बसते. कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे, बूट पातळ तळव्याचा, हेल्मेट पूर्ण तोंड झाकणारं. विम्याचा कागद वाचून घ्या: आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, त्यामुळे ट्रॅकवर झालेलं नुकसान स्वतःच्या खिशातून जाणार हे धरूनच चला.

पहिल्या फेऱ्या

बसण्याची पद्धत अशी: पाठ सीटला पूर्ण टेकलेली असताना मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर पोचलं पाहिजे, आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. हात पावणेतीनच्या काट्यांसारखे, आणि वळणात ते सोडायचे नाहीत.

ईएसपी, म्हणजे गाडी घसरायला लागली की आपणहून सावरणारी यंत्रणा, चालू ठेवा. पहिल्या दिवशी ती बंद करणाऱ्याला ट्रॅकचे मार्शल, म्हणजे कडेला उभी देखरेखीची माणसं, नावानिशी ओळखायला लागतात.

बाहेर पडल्यावर दोन गोष्टी चटकन जाणवतात. बॉनेट दिसत नाही, म्हणून नाक कुठे आहे याचा अंदाज सुरुवातीला चुकतो. आणि आवाज मागून, कानापाशी येतो. पुढे इंजिन असलेल्या गाडीत आवाज आणि वेग यांचं जे नातं डोक्यात बसलेलं असतं ते इथे लागू पडत नाही. सुरुवातीला आवाजावरून वेग ठरवू नका, सरळ रस्त्यावर काट्याकडे एक नजर टाका.

तिसरी गोष्ट थोडी फसवी. थंड टायरवर ही गाडी वळायलाच नको म्हणते. पुढच्या चाकांवर वजन कमी, साधारण ४५ टक्के, त्यामुळे ती उशिरा तापतात आणि पहिल्या फेरीत नाक बाहेर सरकतं. तिथून माणूस ठरवतो की ही गाडी फार सुरक्षित आहे. तीन फेऱ्यांनंतर पुढचे टायर धरायला लागतात, गाडीचा स्वभाव पालटतो, आणि मघाचं अनुमान महागात पडतं. पहिल्या दोन फेऱ्या साठ-सत्तर टक्क्यांवरच काढा, जोर नंतर.

ब्रेक सरळ रेषेत, स्टेअरिंग सरळ असताना. पाय एकदम रोवू नका, पहिल्या अर्ध्या सेकंदात दाब चढवा, मग धरून ठेवा. १५० वरून ७० वर यायला, ब्रेक १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ओढीइतका लागला तर, ६९ मीटर लागतात. सरळ रस्त्याच्या शेवटी वेग १६० असेल तर ८१ मीटर. दहाने वेग वाढला आणि बारा मीटर गेले, म्हणजे जवळजवळ तीन गाड्यांची लांबी. वळण किती मीटरवर आहे हे सांगणाऱ्या पाट्या असतील तर सुरुवात दीडशेच्या पाटीपासून करा आणि फेरीगणिक पाच-सात मीटरच पुढे सरका.

गिअर खाली घ्यायचा तो ब्रेक चालू असताना, वळण सुरू होण्याआधी. मॅन्युअल गाडीत क्लच सोडताना रेसचा हलका ठोका द्या. नाही दिला तर इंजिन मागची चाकं एकदम आवळतं आणि वळणाच्या तोंडाशीच मागचा भाग सटकतो.

वळणात पाय

आता मूळ मुद्दा. ड्रायव्हर धरून केमन साधारण १४०० किलोची होते. पूर्ण ब्रेक लागला की अडीचशे किलोच्या आसपास वजन मागून पुढे जातं. वळणाच्या मध्ये नुसता पाय उचलला, ब्रेकला हातही लावला नाही, तरी इंजिनाच्या ओढीने पन्नासेक किलो वजन मागच्या चाकांवरून पुढे सरकतं. मागचे टायर आधीच आपली सगळी पकड वळण धरण्यात खर्च करत असतात. नेमकी त्याच क्षणी त्यांची पकड कमी होते आणि पुढच्यांची वाढते. नाक आत, शेपूट बाहेर. वजन मध्ये असल्यामुळे हे फिरणं गरकन होतं.

सगळ्यात नेहमीची चूक तीन पायऱ्यांची आहे, आणि ती जेमतेम एका सेकंदात घडते. वेग थोडा जास्त घेऊन वळणात शिरलं, नाक बाहेर सरकायला लागलं. ड्रायव्हर स्टेअरिंग आणखी वळवतो. काही होत नाही, कारण पुढचे टायर घसरतच आहेत. मग भीती वाटते आणि पाय उठतो. वजन पुढे येतं, घसरणाऱ्या पुढच्या टायरना अचानक पकड मिळते, आणि त्या वेळी स्टेअरिंग गरजेच्या दुप्पट वळलेलं असतं. गाडी सांगितलं तसंच करते: तेवढी सगळी वळते.

यावर उपाय उलटा वाटतो, म्हणून तो आधी डोक्यात घोटून ठेवावा लागतो. नाक बाहेर जायला लागलं तर स्टेअरिंग आणखी वळवू नका, उलट दोन बोटांइतकं सैल सोडा. पाय उचलू नका, थोडासा मोकळा करा, गवळी दुधाची धार बारीक करतो तसा. नजर वळणाच्या शेवटाकडे. गाडी थोडी रुंद जाईल, जाऊ द्या. ट्रॅक त्यासाठीच रुंद केलेला असतो. दोन चाकं बाहेर मातीत गेलीच तर स्टेअरिंग सरळ धरून वेग उतरू द्या आणि मग हळूहळू वर या. झटक्याने वर ओढलेली गाडी ट्रॅक आडवा ओलांडून पलीकडच्या भिंतीकडे जाते.

वळणाच्या मधल्या भागात रेस पूर्ण सुटलेली नसावी. इंजिनाची ओढही नाही आणि धक्काही नाही, एवढाच हलका दाब. एपेक्स, म्हणजे गाडी वळणाच्या आतल्या कडेला सगळ्यात जवळ येते ती जागा, नेहमीपेक्षा उशिरा घ्या, आणि स्टेअरिंग उलगडत जाईल तशी रेस वाढवा. दोन्हींना एकाच दोरीने बांधलंय असं समजा: एक मोकळं होईल तेवढंच दुसरं घट्ट. दिवस अर्धा झाला की टाकीही हलकी झालेली असते. तीस लिटर पेट्रोल जळलं म्हणजे पुढून बावीसेक किलो गेले, आणि त्याच वळणात नाक सकाळपेक्षा थोडं जास्त बाहेर सरकतं. टायरला दोष देण्याआधी हे आठवा.

दुपारनंतर, हात बसल्यावर, एक गोष्ट करून पाहा. वळायला सुरुवात करताना ब्रेक पूर्ण सोडून न देता दहा टक्के धरून ठेवा आणि स्टेअरिंग जसं वळेल तसा सोडत जा. पुढच्या टायरवर वजन राहतं, आणि सकाळी नको म्हणणारं नाक सुरीसारखं आत जातं. मधल्या इंजिनाची खरी मजा इथे आहे. एका वेळी एकाच वळणात करा, तेही बाहेर भरपूर मोकळी जागा असलेल्या.

सुटलीच तर

मागची बाजू निघाल्याचं आधी कमरेला कळतं, मग डोळ्यांना. जिकडे जायचंय तिकडे बघा, उलट स्टेअरिंग लगेच द्या, आणि गाडी सावरायला लागताच तेवढ्याच वेगाने परत घ्या. पहिला झटका सावरून दुसऱ्यात फिरणारे यातच फसतात: स्टेअरिंग परत घ्यायला उशीर होतो आणि गाडी दुसऱ्या बाजूला फेकली जाते.

गाडी अर्ध्याहून जास्त फिरली की सावरायचा नाद सोडा. क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण आत, ऑटोमॅटिक असेल तर नुसता ब्रेक, आणि गाडी थांबेपर्यंत सोडायचा नाही. ब्रेक धरलेली गाडी ज्या दिशेला निघाली त्याच दिशेला घसरत जाते, मागून येणाऱ्याला ती चुकवता येते. मध्येच ब्रेक सोडला तर चाकं पुन्हा पकड घेतात आणि गाडी भलतीकडे उडी मारते. थांबल्यावर खाली उतरू नका, मार्शलच्या खुणेची वाट पाहा.

ब्रेक पेडल मऊ होऊन खाली जायला लागलं तर ऑइल उकळलंय. पेडल टणक आहे पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतोय, तर पॅड तापलेत. दोन्ही वेळा हात वर करून बाजूने, गिअरवर वेग उतरवत पिटमध्ये या. दुसऱ्या प्रकारात गाडी निवल्यावर पुन्हा निघता येतं. पहिल्यात ऑइल बदलेपर्यंत नाही.

पिटमध्ये आल्यावर

शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न लावता काढा. थांबल्यावर हँडब्रेक लावू नका, तापलेले ब्रेक चिकटून बसू शकतात. गिअरमध्ये टाका आणि चाकाला ठोकळा लावा. इंजिन मिनिट-दोन मिनिटं चालू राहू द्या. ते बंदिस्त जागेत बसलेलं असतं, समोरून वारा लागत नाही, म्हणून बंद केल्यावरही पंखे बराच वेळ फिरतात. तो बिघाड नाही. मागची डिकी इंजिनाला लागून आहे, तिथे चेन्नईच्या मित्रासाठी नेलेले कंदी पेढे ठेवले असतील तर संध्याकाळपर्यंत त्यांची रबडी झालेली असेल. पुढच्या डिकीत ठेवा.

गाडी चालवतच परत येणार असाल तर टायर पूर्ण निवल्यावर हवा पुन्हा मॅन्युअलच्या आकड्यावर भरा. दुपारी काढलेले पाच-सहा पीएसआय तसेच राहिले तर हायवेवर टायर बाजूने तापत जातो. बोल्टवर टॉर्क पाना फिरवा, ब्रेक ऑइलची पातळी बघा, टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवून कुठे तार निघालीय का ते तपासा. बाहेरची कडा उभ्याने दिसते, आतली दिसत नाही, आणि झीज तिथेही झालेली असू शकते.