गंजलेला बोल्ट आणि इम्पॅक्ट गन : या चुका टाळा

किनारपट्टीवर आठ-दहा पावसाळे काढलेली गाडी रॅम्पवर चढवली, की खालून दिसणारा जवळजवळ प्रत्येक बोल्ट तांबूस आणि फुगलेला असतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. आट्यांमधल्या केसभर फटीत तो दाटला, की नट आणि बोल्ट पाचर मारल्यासारखे एकमेकांत घट्ट बसतात. हाती इम्पॅक्ट गन, म्हणजे झटपट धक्के देत नट-बोल्ट फिरवणारे यंत्र, असली की ही पाचर धक्क्यांनी सुटेल असे वाटते. पुष्कळदा सुटतेही, पण जेव्हा सुटत नाही तेव्हा बोल्टच मोडतो आणि तासाभराचे काम दिवसभर पुरते.

सर्वांत जास्त नुकसान तयारी न करता गन लावल्याने होते. बाहेर दिसणारे आटे आधी तारेच्या ब्रशने घासून काढावेत, कारण चिखल आणि गंजाच्या पापुद्र्यावर मारलेले तेल आत पोहोचतच नाही. त्यानंतर गंज सोडवणारा स्प्रे आदल्या रात्री मारावा, सकाळी पुन्हा मारावा आणि मध्ये बोल्टच्या माथ्यावर हातोडीचे चार-पाच ठोके द्यावेत. ग्रीस किंवा इंजिन ऑइल या कामी येत नाही. ते दाट असल्याने बारीक फटीत शिरत नाही.

सॉकेट सहा कोनी आणि पुरेसे खोल बसणारे हवे. बारा कोनी सॉकेट माथ्याला कोपऱ्यांजवळच धरते, त्यामुळे गंजाने झिजलेल्या कडा पहिल्याच झटक्यात मरतात आणि माथा गोल होतो. शिवाय हातपान्याचे चकचकीत क्रोम सॉकेट गनवर चढवणे धोक्याचे आहे, कारण ते धक्क्यांनी फुटून तुकडा उडू शकतो. गनसाठी जाड, काळे इम्पॅक्ट सॉकेटच वापरावे आणि डोळ्यांवर गॉगल ठेवावा. गाडी केवळ जॅकवर असताना तर गन हातात घेऊच नये, खाली स्टँड लावलेले असलेच पाहिजेत.

ट्रिगर पूर्ण दाबून धरण्याची सवयही महागात पडते. ८ मिलिमीटर जाडीचा, ८.८ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे बोल्टच्या ताकदीचा दर्जा) बोल्ट साधारण २५ न्यूटन मीटरने (हे फिरवण्याच्या जोराचे माप) आवळलेला असतो, तर अर्ध्या इंचाची बॅटरीवरची गन सहज ३०० न्यूटन मीटरपुढे जाते. त्यामुळे गन कमी वेगावर ठेवून, एक-दोन सेकंदांचे धक्के देत, थोडे सोडायच्या आणि थोडे आवळायच्या दिशेने आलटून पालटून चालवावी. बोल्ट करकरला आणि आट्यांतून तांबडी भुकटी गळू लागली, तर तो सुटतो आहे. आवाज न करता मऊपणे फिरू लागला, तर तो बहुधा पीळ खातो आहे, तिथेच थांबावे.

सस्पेन्शनच्या बोल्टची गोष्ट निराळी आहे. खालच्या आर्मच्या, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या, बुशमध्ये (पोलादी नळीभोवती रबर असलेल्या सांध्यात) बोल्ट आट्यांत नव्हे, तर बुशच्या पोलादी नळीत गंजून चिकटतो. नट निघतो, माथाही थोडा फिरतो. मात्र गन थांबली की तो आपसूक मागे येतो, कारण फिरत असते ते नळीभोवतीचे रबर. अशा वेळी गन कितीही चालवली तरी उपयोग नसतो. बुश नाहीतरी बदलायचाच असेल, तर आर्म आणि ब्रॅकेट यांच्यामधल्या फटीतून करवतीच्या पात्याने बोल्ट दोन्ही बाजूंनी कापणे हाच सरळ मार्ग आहे.

तापवण्याचा उपाय उत्तम, पण शक्यतो नट तापवावा, बोल्ट नव्हे. नट प्रसरण पावून पकड सैल होते. पेट्रोलची टाकी, ब्रेकचे पाइप, शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि रबराच्या वस्तू यांच्याजवळ ज्योत नेऊ नये. ताज्या तेलावर ज्योत धरली तर भडका उडू शकतो, हे उघड असूनही विसरले जाते. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असते, ते तापले की विषारी वायू निर्माण होतो. म्हणून तसला स्प्रे मारलेला भाग तापवूच नये. ग्राइंडरच्या ठिणग्यांनाही हीच पथ्ये लागू आहेत, आणि त्याचे गार्ड काढून ठेवणाऱ्यांविषयी काय बोलावे!

बोल्ट मोडलाच तर लगेच ईझी-आउट (मोडलेला तुकडा उलट फिरवून काढायचे हत्यार) ठोकू नये. ते कठीण पण ठिसूळ असते, आणि आत तुटले की साध्या ड्रिलने पोखरता येत नाही. तुकडा बाहेर डोकावत असेल, तर त्यावर नट वेल्ड करून घ्यावा; वेल्डिंगची उष्णता आणि धरायला नवा माथा, दोन्ही एकदमच मिळतात. मात्र वेल्डिंगपूर्वी बॅटरीची वायर काढावी.

परत बसवताना जुना बोल्ट वापरू नये. त्याच ग्रेडचा नवा घ्यावा आणि आट्यांतून टॅप (आतले आटे साफ करायचे हत्यार) फिरवून घ्यावा. सुरुवातीचे आटे हातानेच बसवावेत आणि शेवटचे आवळणे टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळता येणाऱ्या पान्याने, करावे. रबर बुशचे बोल्ट तर गाडी चाकांवर उतरवून, तिचे वजन पडल्यावरच आवळावेत. हवेत लटकलेल्या आर्मवर आवळले, तर नवे रबर पहिल्या दिवसापासूनच पीळ घेऊन बसते.