दर हंगामात नवा संघ: आइस हॉकीतली फिरती कारकीर्द टिकवायची कशी

माइक सिलिंजर एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वात वरच्या आइस हॉकी लीगमध्ये, १२ वेगवेगळ्या संघांकडून खेळला, आणि तरी त्याचे हजाराहून जास्त सामने झाले. फेसऑफ (खेळ सुरू करताना दोघांमध्ये पक टाकतात ती झटापट) जिंकणारा सेंटर, म्हणजे मधला आक्रमक, प्रत्येक कोचला हवा असतो. तुमच्यामुळे संघाची कोणती गरज भागते, हे आधी पक्कं करा. पेनल्टी किल (शिक्षेमुळे एक खेळाडू कमी असताना बचाव), फेसऑफ, किंवा उजव्या हाताने स्टिक धरणारा बचावपटू. हे शेवटचे तर कायम कमीच पडतात. वरच्या लीगमधून बोलावणं आलं की पहिल्याच रात्री गोल करून दाखवायच्या नादात अनेक जण आपली जागा सोडतात आणि परत खाली जातात. चौथ्या लाइनकडून, म्हणजे आक्रमकांच्या सगळ्यात कमी खेळणाऱ्या गटाकडून, कोचची अपेक्षा साधी असते: पंचेचाळीस सेकंदांची शिफ्ट (बर्फावरची एक पाळी), पक आपल्या ब्लू लाइनबाहेर, म्हणजे आपल्या बचावाच्या भागाबाहेर, वेळेवर बदली.

करार वाचताना आकड्याआधी प्रकार बघा. टू-वे करारात एनएचएलचा पगार वेगळा आणि एएचएलचा (तिच्या लगेच खालच्या लीगचा) वेगळा, त्यामुळे खालच्या पगारावर आणि हंगामाच्या हमी रकमेवर घासाघीस करा. बहुतेक दिवस तुम्ही खालीच काढणार आहात. नुसता एएचएल करार असेल तर एनएचएल संघाला तुम्हाला वर नेण्याआधी नवा करार करावा लागतो, आणि त्यांच्याकडे एकूण ५० करारांचीच मर्यादा असते. ती भरत आली असेल तर उत्तम खेळूनही दार बंद राहू शकतं. सही करण्याआधी एजंटला हे विचाराच.

सगळ्यात जास्त फसगत होते ती २६० या आकड्यावर. एएचएलच्या सामन्यात उतरणाऱ्या १८ स्केटर्सपैकी (गोलरक्षक सोडून बाकीचे खेळाडू) किमान १२ जणांचे व्यावसायिक सामने २६० किंवा त्याहून कमी असावे लागतात, आणखी एकाचे ३२० पर्यंत चालतात. म्हणजे अनुभवी खेळाडूंना जागा पाचच. एनएचएल आणि युरोपातल्या वरच्या लीगचे सामनेही यात धरतात. मोजणी हंगामाच्या सुरुवातीला होते. एएचएलचा हंगाम ७२ सामन्यांचा, तेव्हा दुखापतीशिवाय खेळणारा माणूस पाचव्या हंगामात अनुभवी ठरतो. तेव्हा बरोबरी बावीस वर्षांच्या मुलांशी नसते, त्या पाच जागांसाठी असते. ज्या संघाकडे चार अनुभवी आधीच आहेत, तिथे पगार थोडा जास्त असला तरी जाऊ नका. एएचएलच्या खालच्या ईसीएचएल लीगमध्ये तर अशा जागा चारच आहेत. गोलरक्षकांना हा नियम लागत नाही.

एनएचएल संघाला खेळाडू खाली पाठवायचा असेल तर बहुधा आधी त्याला वेव्हर्सवर टाकावं लागतं, म्हणजे इतर एनएचएल संघांना त्याला उचलण्याची संधी द्यावी लागते; त्यासाठी त्यांना २४ तास मिळतात. कुणी उचललं नाही तर तुम्ही एएचएलमध्ये जाता. त्यानंतर एनएचएलच्या संघात एकूण ३० दिवस राहिलात किंवा १० सामने खेळलात, की खाली पाठवण्यापूर्वी पुन्हा वेव्हर्स. नवव्या सामन्यानंतर अचानक खाली धाडलं तर कारण बहुधा हेच असतं, खेळ बिघडला असं समजू नका.

युरोपात जाणं ही माघार नाही. अनेकांची कमाईची सर्वोत्तम वर्षं तिथेच जातात. पगार करानंतरचा आहे की आधीचा, घर, गाडी, विमा आणि विमानाची तिकिटं कुणाची, हे लेखी घ्या. बऱ्याच लीगमध्ये परदेशी खेळाडूंवर मर्यादा असते, त्यामुळे संघ हरू लागला की पहिली गदा त्यांच्यावर येते. आजी-आजोबांमुळे तिथला पासपोर्ट मिळत असेल तर कागदपत्रं उन्हाळ्यातच सुरू करा. एनएचएलचा हंगाम सुरू झाल्यावर तिकडे खेळलात आणि मधेच एनएचएलमध्ये परतायचं ठरवलं, तर वेव्हर्समधून जावं लागतं. ज्या संघाने बोलावलं त्याच्याऐवजी दुसराच संघ तुम्हाला घेऊ शकतो.

सामानाचं आधीच बघून ठेवा. स्केटच्या धारेचा हॉलो (पात्याच्या तळाच्या खाचेचं माप), स्टिकचा फ्लेक्स (लवचीकता), वळण आणि लाय (दांडा आणि पात्यातला कोन) लिहून फोनमध्ये ठेवा आणि पोचल्याबरोबर उपकरणं सांभाळणाऱ्या माणसाला द्या. अर्धा इंच हॉलोची सवय असताना कुणी पाच-अष्टमांश करून दिला तर वळणावर पकड कमी पडते आणि पहिला सामना वाया जातो. धार लावलेल्या पात्यांची एक जादा जोडी नेहमी बॅगेत असू द्या, आणि चार-सहा स्टिकही. तुमच्या मापाच्या नव्या स्टिक यायला वेळ लागतो.